उत्तम दात्रीचे रक्त

१

देणे हे पुण्य आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते असत्य नाही. परंतु देणाऱ्याची कोठी भरलेली आहे की रिती, हे न पाहता जो घेत राहतो, त्याच्या पदरी नेमके काय पडते, याविषयी आपली सुभाषिते मौन पाळून आहेत. त्यातून घेणारा जर आजारी असेल, निरपराध असेल, आणि घेणे थांबताच त्याचा प्राण धोक्यात येणार असेल, तर दोष कोणाच्या दारी ठेवावा? पुढील हकीकत या प्रश्नाच्या कडेकडेने जाते.

पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात, दुपारच्या जेवणानंतर, छापील पानांचे घडी केलेले फर्मे शिवण्याच्या टेबलाशी बसलेली एक प्रौढ स्त्री हातातील सुईदोऱ्यासह पुढे कलंडली. शेजारणीला वाटले, डुलकी लागली असेल. टेबलावर डोके ठेवून ती बराच वेळ तशीच राहिली, तेव्हा कोणी तिचा खांदा हलवला; आणि मग धावाधाव झाली.

घरात ती थोरली. लग्न केले नव्हते. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासह राहत असे. तिला ज्या रुग्णालयात आणले, तेथेच दोन मजले वर हा धाकटा भाऊ दाखल होता. त्याच्या अस्थिमज्जेने रक्त घडवणे जवळजवळ सोडून दिले होते. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्स त्याला बाहेरून द्याव्या लागत, आणि परक्या माणसाच्या प्लेटलेट्स त्याचे शरीर तासाभरात नष्ट करून टाकी. टिकत त्या फक्त थोरलीच्या. पुढच्या खेपेसाठी ती दुसऱ्याच दिवशी रक्तकेंद्रात बसणार होती.

तपासणीचा निकाल आला तेव्हा वॉर्डातल्या तरुण डॉक्टर तो पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. थोरलीचे हिमोग्लोबिन अवघे चार होते. प्लेटलेट्स मात्र नऊ लाखांच्या घरात, निरोगी माणसाच्या दुपटीहून अधिक. आणि त्याच वेळी, रुग्णाची पिशवी चाचपत असलेल्या तिच्या आत्याने एक पत्र्याची डबी बाहेर काढली. डबीत पांढरी पूड होती.

"हे बघा!" आत्या म्हणाल्या. "साखर म्हणावी तर गोड नाही, मीठ म्हणावं तर खारट नाही. विष आहे हे."

"तुम्ही चाखलीत?" डॉक्टरांनी विचारले.

"चाखल्याशिवाय कळणार कसं?"

"विष आहे म्हणता, आणि चाखलीत?"

"जिभेला लावली नि थुंकले. एवढी काही मी वेंधळी नाही." मग बाकावर बसलेल्या भावजयीकडे हनुवटी उडवून आत्या म्हणाल्या, "थोरलीचा डबा घरून कोण भरून देतं, ते विचारा. मी सांगायची गरज नाही."

भावजय काही बोलली नाही. तिने मान वरही केली नाही. एखाद्या अपरिचित घरातील भांडण ऐकावे तशी ती ऐकत राहिली, आणि तिचे हे मौनच सर्वांना संशयास्पद वाटले.

डॉक्टरांपुढे पेच होता. विषप्रयोगाचा संशय असेल तर पोलिसांना कळवणे भाग. कळवले तर भावजय चौकीत जाणार, आणि वर धाकट्याच्या उशाशी कोणी उरणार नाही. त्यांनी आपल्या जुन्या शिक्षिकेला बोलावणे पाठवले.

२

शिक्षिकेला सारे अक्का म्हणत. आयुष्यभर त्यांनी रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या होत्या. निवृत्तीनंतरही लोक त्यांना आपली कोडी आणून देत. अक्का वॉर्डात आल्या, त्यांनी डबी उघडली, परिचारिकेच्या ट्रेमधील आयोडीनचा एक थेंब पुडीवर टाकला. पूड निळीशार झाली.

"हे पिष्ट आहे," अक्का म्हणाल्या. "याची खळ करतात. पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवायला."

"खळ?" आत्यांनी तोंड वाकडे केले. "आणि मी ती जिभेला लावली?"

"पोटात गेली असती तरी काही बिघडलं नसतं, आत्याबाई. फार तर बोलणं चिकटलं असतं."

डॉक्टर हसल्या, आत्या हसल्या नाहीत. अक्का खाटेजवळ बसल्या आणि त्यांनी थोरलीचा हात हाती घेतला. हात थंडगार होता. दोऱ्याच्या ओढीने बोटांची कातडी चामड्यासारखी घट्ट झाली होती. नखे मध्ये खोलगट होती, लहान चमच्यांसारखी. पाण्याचा थेंब ठेवला असता तर तो तेथे थांबला असता.

"काही दुखतं का गं?"

"नाही."

"भीती वाटते?"

"नाही."

"मग काय वाटतं?"

थोरलीने विचार केला. "काही वाटत नाही. जिने पूर्वीपेक्षा उंच झालेत, एवढं वाटतं."

"आणि ही पूड? कोण देतं तुला?"

"कारखान्यातून मीच घेते. कोरडीच खाते." ती जराशी ओशाळली, परंतु ओशाळण्याइतकेही बळ तिच्या चेहऱ्यात नव्हते. "दाताखाली करकर वाजते. ते बरं वाटतं. दिवसभरात तेवढंच वाटतं."

अक्का बाहेर आल्या. "पोलिसांना थांबवा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "हिच्या अंगातलं लोह संपलंय. लोह गेलं की माणसाला असल्या वस्तू खाव्याशा वाटतात, कुणाला माती, कुणाला बर्फ, हिला खळ. नखं बघितलीत?"

"पण अक्का, नऊ लाख प्लेटलेट्स? मला तर मज्जेच्या कर्करोगाची शंका आली."

"तीच तर गंमत आहे. मज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून दोन वाटा फुटतात, एक लाल पेशींची, दुसरी प्लेटलेट्सची. लाल पेशी घडवायला लोह लागतं. ते नसेल तर ती वाट अडते, आणि कच्चा माल दुसऱ्या वाटेनं वाहू लागतो. म्हणून अशा माणसात हिमोग्लोबिन उतरतं आणि प्लेटलेट्स चढतात. अगदी खडखडाट झाला तर कधी कधी त्याही कोसळतात. तिथवर ही अजून पोचली नाही. कर्करोगाचं तपासा जरूर, पण लोह आधी द्या."

"मग भावासाठी प्लेटलेट्स देण्यामुळेच हे झालं म्हणायचं?"

"यंत्र प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतं नि लाल पेशी परत देतं, तरी दर खेपेला थोड्या नळीत राहतातच, थोड्या तपासणीला जातात. वारंवार बसलं तर कोठी रिकामी होते. पण म्हणूनच रक्तकेंद्रात दर वेळी आधी हिमोग्लोबिन बघतात. साडेबाराच्या खाली गेलं की दात्याला घरी पाठवतात."

डॉक्टरांनी रक्तकेंद्राला दूरध्वनी लावला. बोलणे ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. रिसीव्हर ठेवून त्या म्हणाल्या, "गेल्याच आठवड्यात ती बसली होती. हिमोग्लोबिन तेरा होतं."

अक्कांनी तपासणीचा कागद घेतला आणि चाराशेजारी तेराचा आकडा लिहिला. कोठेही रक्तस्राव नसताना आठवडाभरात तेराचे चार होत नाहीत. दोन्ही आकडे खरे असतील, तर ते एका स्त्रीचे असू शकत नाहीत.

३

रक्तकेंद्र रस्त्याच्या पलीकडे होते. केंद्रप्रमुख हे उत्साही गृहस्थ. त्यांच्या दालनाच्या भिंतीवर दात्यांची छायाचित्रे ओळीने लावलेली होती, आणि पहिल्या चौकटीत थोरली होती. फिकट, गंभीर, छायाचित्रकाराने सांगितले म्हणून किंचित हसलेली.

"ही आमची उत्तम दात्री," केंद्रप्रमुख म्हणाले. "पहिल्यांदा आली तेव्हा तीन लाख होते. मग चार, पाच, सात. अहो, चढता आलेख! एका बैठकीत दोघांना पुरेल एवढं मिळतं. मी तर म्हणतो, भावासाठी देता देता तिचं रक्तच फुलून आलंय."

"आणि म्हणून तुम्ही तिला जास्त वेळा बोलावू लागलात."

"अर्थात. ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडेच मागणार ना? भिकाऱ्याच्या दारी कोण जातं?"

"तुम्ही गेलात," अक्का शांतपणे म्हणाल्या. "प्लेटलेट्स कुठे मोजता?"

"आत. दाता खुर्चीत बसला की दंडातून नमुना घेतो. आमचं यंत्र तेवढंच मोजतं."

"आणि हिमोग्लोबिन?"

"ते बाहेर, खिडकीवर. बोटाच्या थेंबावर."

अक्कांनी ती खिडकी पाहायला मागितली. बाहेरच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, भिंतीला एक लहानशी झडप होती. वरची काच धुरकट केलेली. पलीकडे एक स्थूल बाई सुया मांडून बसल्या होत्या.

"काच अशी का?"

"लोक घाबरतात हो," खिडकीवरच्या बाई आतून म्हणाल्या. "सुई दिसली की घामाघूम होतात. एक पैलवान तर धाडकन खाली पडला होता. तेव्हा सरांनी काच धुरकट करून घेतली. आता मी नाव पुकारते, हात आत येतो, मी टोचते, हात बाहेर जातो. त्यांना सुई दिसत नाही, मला त्यांचे रडके चेहरे दिसत नाहीत. दोघंही सुखी."

"थोरलीचा हात आठवतो का तुम्हाला?"

"उत्तम दात्रीचा? न आठवायला काय झालं! एवढ्या वेळा टोचलाय. ऊबदार हात. मऊ, लोण्यासारखा. टोचताच टपोरा थेंब येतो, दाबावं लागत नाही."

केंद्रप्रमुख कौतुकाने हसले. अक्कांच्या मनात मात्र वॉर्डातील तो हात होता. थंड, चामड्यासारखा, खोलगट नखांचा.

"तिच्याबरोबर कोण येतं?"

"आवाज येतात ना बाहेरून. भावजय दर वेळी असतेच. कधी म्हातारी आत्याही, तोंडाची फटाकडी. ती मात्र दाराबाहेरच गप्पा ठोकत बसते."

"साहेब," अक्का केंद्रप्रमुखांकडे वळल्या, "बाहेरच्या खोलीत तुम्ही एका बाईचं हिमोग्लोबिन मोजता, ते कधी हलत नाही. आतल्या खोलीत दुसऱ्या बाईच्या प्लेटलेट्स मोजता, त्या चढत जातात. मधल्या दारात त्या दोघींचं एकच नाव होतं."

केंद्रप्रमुखांचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले. ते काढून घ्यायचे त्यांना सुचले नाही.

"पण… चढत होत्या ना," ते पुटपुटले. "कमी झाल्या असत्या तर मी विचारलंच असतं."

४

भावजय अजून त्याच बाकावर होती. अक्का तिच्याशेजारी बसल्या. आत्या समोरच्या खुर्चीत बसून पहारा देत होत्या.

"पाणी घेतेस का गं?" अक्कांनी पेला पुढे केला. तो घेणारा हात ऊबदार होता. पेला सोडण्यापूर्वी अक्कांनी तिची बोटे क्षणभर धरली. अनामिकेच्या टोकाला बारीक काळसर ठिपके होते, काही जुने, एक ताजा.

"तू शिवणकाम करतेस?"

"नाही."

"मग हे टोचल्याचे ठिपके?"

भावजयीने आपल्या बोटाकडे पाहिले. ते दुसऱ्या कोणाचे असावे तसे पाहिले. "कळलं तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या स्वरात भीती नव्हती, सुटकाही नव्हती.

"काय कळलं?" आत्या उठल्या. "कबूल झाली का? मी म्हटलं नव्हतं?"

"आत्याबाई, बसा. विष कुणी दिलेलं नाही. बोट दिलंय." अक्का भावजयीला म्हणाल्या, "सांग."

"एकदा ताईंना खिडकीवरून परत पाठवलं," भावजय सांगू लागली. "रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, काही महिन्यांनी या, म्हणाले. इकडे यांच्या नाकातून रक्त सुरू झालं. थांबेचना. मी बादली धरून बसले होते. परक्याच्या प्लेटलेट्स दिल्या, उपयोग झाला नाही. कसेबसे वाचले. नंतर पुन्हा केंद्रात गेलो. दुसरी बाई होती खिडकीवर, या नव्या. ताईंचं नाव पुकारलं. ताईंनी माझं मनगट धरलं आणि माझा हात आत घातला."

वॉर्डातून कोणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली.

"मी हात ओढून घेतला नाही," ती म्हणाली. "तेवढंच करायचं होतं मला. ओढून घ्यायचा. पण नाही घेतला. मग दर वेळी तसंच. सर म्हणायचे, प्लेटलेट्स वाढतायत, छान आहे. आम्हाला वाटलं, छानच असेल."

"गोळ्या? लोहाच्या?"

"त्यांनी पोट दुखायचं. कामावर बसवायचं नाही. ताईंनी सोडल्या."

आत्या इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. बोलणे खरोखरच चिकटल्यासारखे झाले होते. शेवटी म्हणाल्या, "मेली, मला तरी सांगायचंस."

"तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं असतं, आत्या."

"सांगितलं असतं," आत्यांनी कबूल केले. "आणि बरं झालं असतं."

अक्का खाटेजवळ गेल्या तेव्हा थोरली जागी होती. तिला सर्व ऐकू आले होते.

"तिला काही म्हणू नका," ती म्हणाली. "हात तिचा होता, कल्पना माझी. मला वाटलं, मी नुसती थकते. थकून कोण मरतं?"

"तू मेली असतीस."

"हं," थोरली म्हणाली. दुसऱ्या कोणाचा पत्ता ऐकावा तसे तिने ते ऐकून घेतले. "मग उद्या त्याचं काय?"

५

येथे रहस्य संपले. परंतु रहस्य उलगडल्याने कोणाचे रक्त वाढत नाही. थोरलीकडून आता एक थेंबही घ्यायचा नव्हता, कित्येक महिने. आणि वरच्या मजल्यावरील मनुष्याच्या हिरड्यांतून सकाळपासून रक्त झिरपत होते.

हे त्याला कोणी सांगायचे, यावर चर्चा झाली नाही. थोरलीला पलंगासह वर नेले. शिरेतून रक्त चढत होते, शेजारी लोहाच्या औषधाची तपकिरी बाटली टांगली होती. भावजय मागून चालत होती. तिच्यामागे आत्या.

धाकट्याने सारे ऐकून घेतले. मध्ये एकदाच त्याने तोंडावरचा रुमाल बदलला.

"मला का नाही विचारलंस, ताई?"

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून."

तो पत्नीकडे वळला. तिने नजर चुकवली नाही. ती फक्त वाट पाहत राहिली. रागाची, क्षमेची, कशाचीही. त्याने उशाजवळची खुर्ची हाताने थोडी पुढे सरकवली. ती बसली.

"आता मी कुणाचं घेणार नाही," तो म्हणाला. "पुरे झालं."

"शहाणपणा शिकवू नकोस!" आत्या एकदम कडाडल्या. "घेणार नाही म्हणे! डॉक्टर, माझं तपासा. याच्या बापाची सख्खी बहीण आहे मी."

"आत्याबाई, तुमचं वय…" डॉक्टर म्हणाल्या.

"वयाला काय झालंय? जीभ चालते ना अजून?"

"जिभेतून प्लेटलेट्स निघत नाहीत," अक्का म्हणाल्या. "पण तुम्हाला मुलं आहेत ना? डॉक्टर म्हणतात, मागे रक्ताचे नातलग तपासायला बोलावलं, तेव्हा ती का आली नाहीत?"

आत्या खिडकीकडे पाहू लागल्या. खोलीत कोणीच त्यांच्या मदतीला आले नाही.

"मीच येऊ दिली नाहीत," त्या अखेर म्हणाल्या. "म्हटलं, थोरली देतेय ना. भरपूर आहे म्हणतात तिच्याकडे. आपली पोरं कशाला सुईला द्यायची?" त्यांचा आवाज कोरडा होता. "सगळे म्हणत होते भरपूर आहे, म्हणून मीही म्हटलं."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी मुलांना बोलावून घेतले. दोघेही आले. मोठ्याचे रक्त जुळले नाही. धाकटीचे जुळले, पूर्णपणे नाही, पण बरेचसे. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली. या वेळी अक्कांच्या सांगण्यावरून बोटाचा थेंब त्याच खुर्चीत घेतला, आणि दात्रीच्या अंगातील लोहाचा साठाही आधी मोजला. तिच्या प्लेटलेट्स अडीच लाख होत्या, चारचौघींसारख्या. केंद्रप्रमुखांनी त्या आकड्याचे कौतुक केले नाही. त्यांनी नुसते पाहिले, आणि पुन्हा पाहिले.

संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या हिरड्यांतले रक्त थांबले. किती दिवसांसाठी, हे कोणी विचारले नाही.

खाली थोरलीच्या शिरेत लोह उतरत राहिले. पुढील आठवड्यांत तिच्या प्लेटलेट्स घसरू लागल्या. आठ लाख, सहा, चार. डॉक्टर आनंदाने तो आकडा सांगत, आणि थोरली दर वेळी दचके, जणू तिच्या हातून काही सांडत होते. एके दिवशी परिचारिकेने सुई काढताना ती "आई गं" म्हणाली. परिचारिकेने क्षमा मागितली. थोरली चकित होऊन आपल्या हाताकडे पाहत राहिली. दुखले होते. कित्येक महिन्यांत प्रथमच तिला काही दुखले होते.

जिने दिले, तिची कोठी हळूहळू भरो. ज्याने घेतले, त्याला घेण्याचे ओझे न होवो. जिने आपला हात मागे घेतला नाही, तिच्या हाताला दुसरे काम मिळो. आणि जिने आपली मुले मागे ठेवली, तिला त्यांच्यासोबत पुढे येण्याचे बळ राहो. त्या घरातील सर्वांना शांत झोप लागो.